फळीवरची जागा

प्रिय सोपानच्या आई,

परवा तुझा लेक पुन्हा अमेरिकेला निघालाय, आणि त्याचा उजवा गुडघा दुखतोय. विचारलं की नुसता हसतो. मी कुणापुढं बोलू? भावकीत सांगावं तर दुपारपर्यंत अख्ख्या राहू गावात होईल. म्हणून तुलाच लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवायचो. हेही दाखवीन.

आठवतं का, तिकडच्या संघात लागल्यावर तो पहिल्यांदा सुट्टीला आला, तेव्हा ट्रेनरनं फोनवर व्यायाम पाठवले होते? वजन लादलेली लोखंडी घसरगाडी दोरानं ओढत उलटं चालायचं, म्हणजे गुडघे बळकट होतात. त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये आपला सोपान पुढच्या रांगेतला. अंगावर येणाऱ्या गड्याला अडवून धरायचं, हेच त्याचं काम. गुडघा गेला की माणूस घरी.

आपल्याकडं कुठली घसरगाडी? मी व्हिडिओ बघून बघून ढेकळं फोडायची फळी काढली, दोर बांधला, आणि वजन म्हणून तू जाऊन बसलीस. मांडीवर मेथीची जुडी.

बांधावरनं शेजारचा बबन ओरडला, "वैनी, बैल इकलं का काय?"

"इकला न्हाई, अमेरिकेला धाडलाय. सुट्टीवर आलाय," तू म्हणालीस.

सोपान दोर ओढत उलटा चालायचा, म्हणून त्याचं तोंड तुझ्याकडं. मला वाटायचं, तू भाजीच निवडतेस. मधेच म्हणायचीस, "थांब. दुखतंय तुला."

"आये, घाम हाय त्यो."

"घाम कपाळावरनं येतो. ह्ये डोळ्यातनं आलंय."

मग दोर खाली पडायचा. तुझ्यापुढं त्याचं कधी चाललंय?

संक्रांतीच्या आधी तू गेलीस. अशी कशी गेलीस गं, मला यातलं काहीच न शिकवता? आता फळीवर वाळूची पोती असतात. जड आहेत, पण पोती काय बघणार? तो अडखळून पडू नये म्हणून मी त्याच्या मागं उभा, मला पाठच दिसते.

आज सकाळी पोती ओढून झाल्यावर चप्पल घालताना त्यानं दाराची चौकट घट्ट धरली. मी म्हणालो, "बाळा, ट्रेनरला सांग की."

"आबा, गेल्या गेल्या चाचणी हाय. दुखतंय म्हणलं की माझ्या जागी दुसरा. तुम्ही गप ऱ्हावा."

संध्याकाळी ट्रेनरचा व्हिडिओ कॉल आला, तर त्यानं माझ्यादेखत, सगळं ठीक म्हणून अंगठा वर केला.

गप्प राहिलो तर गुडघा जाईल. बोललो तर त्याचं सगळंच जाईल, आणि जन्मभर म्हणेल, बापानं घालवलं. काय करू सांग ना. देवापुढं बसून बघितलं, तिथूनही काही ऐकू येत नाही. तू तर माझं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीस, आणि आता अशी गप्प?

उद्याची एक सकाळ राहिलीय. तुला शब्द देतो. उद्या पोती उतरवून फळीवर मी बसणार, त्याच्याकडं तोंड करून. तुझ्यासारखं मला ओळखता येईल का, ठाऊक नाही. पण डोळ्यातनं आलंय असं दिसलं तर थांब म्हणेन, आणि तो ट्रेनरला खरं सांगत नाही तोवर फळीवरून उठणार नाही. कितीही रागावू दे.

माझं एकट्याचं वजन कमी पडेल गं. तू जरा शेजारी टेक.

तुझाच,
सोपानचा बाप