इंडस्ट्रीला काय हवं

१५ एप्रिल २०२५, मंगळवार

समितीची अध्यक्ष मी! मला न विचारता! डीनसाहेबांनी स्टाफरूमच्या दारातूनच सांगितलं, "विजयाजी, इकॉनॉमिक्स का पूरा सिलॅबस नया चाहिए. जून एंड तक. इंडस्ट्री क्या चाहती है, बस वो ले आइए." बस! जणू मदर डेअरीतून दही आणायचंय. दरवर्षी आमच्याकडून एकशेऐंशी पोरं डिग्री घेऊन बाहेर पडतात. गेल्या वर्षी त्यातल्या बावीस जणांना नोकरी लागली. बावीस!

संध्याकाळी चहाला पद्माकरला सांगितलं. नवरा गुरुग्रामच्या कंपनीत अख्खी रिसर्च टीम सांभाळतो आणि मी इंडस्ट्रीला काय हवं म्हणून गूगलवर शोधत बसणार – माझ्यासारखी वेडी मीच! त्याने बिस्किट चहात बुडवलं. मग म्हणाला, "कच्चा डेटा समोर टाकला तर पोरांना कोड लिहून साफ करता यायला हवा. हल्ली पहिल्या दहा मिनिटांत तेच करायला लावतात." लिहून घेतलं. सेमिस्टर एकचा पेपर झाला!

२ मे, शुक्रवार

आज आणखी एक मिळालं. पद्माकर सांगत होता, तीस पानी रिपोर्ट आता कुणी वाचत नाही. ज्याला अर्थशास्त्राचा गंध नाही अशा माणसाला कळेल असं एका पानात लिहायचं. आलेख नाही, तक्ता नाही, वीस मिनिटं. म्हटलं, "तू जन्मात तीस पानांच्या खाली काही लिहिलंयस? तुला तरी येतं का?"

"नाही येत," म्हणाला. मी खूप हसले. तोही हसला.

९ मे, शुक्रवार

नव्या पेपरांना जागा हवी म्हणून 'आर्थिक विचारांचा इतिहास' मी स्वतःच्या हाताने काढून टाकला. माझा पेपर. अठरा वर्षं शिकवला. कुणी मागितलाही नव्हता, मीच उदार झाले. परत येताना मेट्रोत डोळे पुसत होते तर एका मुलीने उठून जागा दिली. म्हातारी दिसायला लागले की काय!

२० मे, मंगळवार

सेमिस्टर पाच – पद्माकरची कमाल! मशीनने लिहिलेलं उत्तर पोरांसमोर ठेवायचं. भाषा चकचकीत, आकडे नीट, पण आत तीन चुका लपलेल्या. त्या शोधायच्या. "आता कामच ते राहिलंय, विजू," म्हणाला. "लिहिणार मशीन. आपण फक्त ती कुठे चुकली ते सांगायचं. आणि ते सांगायला आधी विषय यावा लागतो."

समितीत वाचून दाखवलं तर आमचा नीरज – सगळ्यांत तरुण, सगळ्यांत शंकेखोर – टाळ्याच वाजवायला लागला. "मॅडम, ये तो कहीं नहीं पढ़ाते! आपको पता कैसे चला?" म्हटलं, घर की बात है. काय ती ऐट माझी!

३ जून, मंगळवार

वीस कंपन्यांना प्रश्नावली पाठवायची ठरली. पद्माकर म्हणाला, "आमच्याकडे नको पाठवूस. एचआर वाचतसुद्धा नाही. मी सांगतोय ना तुला रोज." बरं, म्हटलं.

एक गंमत लक्षात आली. दोन महिन्यांत याने ऑफिसच्या वाटेवरच्या इफ्को चौकातल्या जामला एकदाही शिव्या घातल्या नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा! पन्नाशीनंतर माणूस निवळत असावा.

१२ जून, गुरुवार

प्रणिताचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, परभणीची, इथे राहून यूपीएससीचा अभ्यास करते. शिफारसपत्र हवं होतं. बोलता बोलता म्हणाली, "सर रोज दिसतात, मॅडम, कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये. परवा आम्हा चौघींना साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली त्यांनी."

"अगं, सर गुरुग्रामला असतात. दुसरं कुणीतरी असेल."

"असेल, मॅडम." फार पटकन म्हणाली.

१७ जून, मंगळवार

नीरजने प्रश्नावली वीसच्या वीस कंपन्यांना पाठवली होती. पद्माकरच्या कंपनीलाही. त्यांना नको पाठवूस, हे नीरजला मी सांगायलाच विसरले होते. आज उत्तरं आली. सगळ्यांसमोर पडद्यावर एकेक उघडत होता. सातवं उत्तर त्यांचं. 'अर्थशास्त्राच्या पदवीधरांची गरज?' – शून्य. खाली एक ओळ: आमचा इकॉनॉमिक रिसर्च विभाग ३१ मार्चपासून बंद केला आहे.

नीरज म्हणाला, "ये तो सर की कंपनी है ना, मॅडम?" मी म्हटलं, "दुसरी शाखा असेल." काहीही! पुढचं उत्तर उघड, म्हटलं.

३१ मार्च! आणि आज १७ जून. रोज सव्वाआठला इस्त्रीचा शर्ट. रोज डबा. अरे देवा, रोज डबा! परवा भेंडी कमी दिलीस म्हणून रुसला होता! अकरा आठवडे हा माणूस माझ्यासमोर बूट घालून कुठे जात होता? आणि मी – आकड्यांची मास्तरीण – मला दिसू नये?

१८ जून, बुधवार

डबा भरला. त्याने घेतला.

२० जून, शुक्रवार

आज सकाळी मीच पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिले. "चल, आज मीपण येते तुझ्या ऑफिसला."

तो बुटाची नाडी बांधत होता. बांधायचा थांबला. मान वर केलीच नाही. म्हणाला, "कोणी सांगितलं?"

आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? कसा आहेस नाही, का नाही सांगितलंस नाही. "मग सेमिस्टर पाच कुठून आणलंस तू?" मी अक्षरशः ओरडले! वरच्या मजल्यावरच्या भानुमतीबाईंना ऐकू गेलं असणार. "हल्ली असं विचारतात, आता हेच काम राहिलंय – कुठे विचारतात? कुठल्या ऑफिसात? कॅन्टीनमध्ये बसून रचलंस सगळं?"

त्याचा एक बूट घातलेला, एक हातात. मग तोही घातला, डबा उचलला आणि गेला. मी तशीच उभी. नोकरी त्याची गेली आणि मी भांडले कशावरून, तर अभ्यासक्रमावरून! लाज वाटली. पण खोटं सांगू कशाला, राग गेलेला नाही.

२२ जून, रविवार

थोडं बोलला. तेही पाठमोरा, कूलरमध्ये पाणी भरताना. पुण्यातल्या लेकीला, सुखदाला कळवायचं नव्हतं, आधी दुसरी नोकरी शोधून मग मला सांगायचं होतं, महिन्याभरात मिळेल असं वाटलं होतं. घरी बसवत नाही म्हणून कोपर्निकस मार्ग. "तिथे निदान कानावर मराठी पडतं," म्हणाला. पेपरांचं विचारलं तर "ते राहू दे" एवढंच. राहू दे? एकशेऐंशी पोरांच्या गळ्यात मी ते बांधणार आहे, चार वर्षांसाठी!

ठरवलं. गुरुवारी अकराला शेवटची मीटिंग आहे. अभ्यासक्रम मागे घ्यायचा. डीनसाहेबांना मेल लिहून ठेवली – ज्या माहितीवर हे पेपर बेतले ती विश्वासार्ह नाही, जबाबदारी सर्वस्वी माझी, जुनाच अभ्यासक्रम चालू ठेवावा. अध्यक्षपद सोडते. हसतील. हसू देत. नवऱ्याचं नाव घालणार नाही.

एकदा वाटलं, 'आर्थिक विचारांचा इतिहास' तरी परत येईल. असं वाटल्याचीही लाज वाटली.

२५ जून, बुधवार

रात्रीच्या जेवणाला पिठलं केलं. त्याला आवडतं म्हणून नव्हे, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून. तरी "छान झालंय" म्हणाला. अडीच महिने याच आवाजात खोटं बोलत होता, मला कळणार कसं? उद्या सकाळी निघण्याआधी मेल पाठवते.

२६ जून, गुरुवार

सकाळचे साडेनऊ. लॅपटॉपचा चार्जर शोधायला त्याची बॅग उघडली – आज घरी विसरून गेलाय. आत सुखदाची आठवीतली सामाजिक विज्ञानाची वही, मागची कोरी पानं त्याने वापरलेली.

'१५ एप्रिल. मुलाखत पहिली. कच्चा डेटा दिला, कोड लिहून साफ करा म्हणाले. आलं नाही. नऊ मिनिटांत बाहेर.' '२ मे. मुलाखत चौथी. एका पानात लिहा. जमलं नाही.' '२० मे. मुलाखत सातवी. समोरची मुलगी सुखदाच्या वयाची. मशीनच्या उत्तरात तीन चुका होत्या. मला एक सापडली.'

अशा अकरा. प्रत्येकीच्या खाली तीच ओळ: 'विजूला सांगायचं. पोरांना हे यायला हवं.'

मेल पुसली. मीटिंगला निघाले.