शांतामावशीच्या दारातली चप्पल

मंगळवार, संध्याकाळ. वडवणी

आज शेजारच्या शांतामावशीला येशूच्या तारणाबद्दल सांगायला गेले होते. तिचा नवरा गेल्या हंगामात ऊसतोडीला गेला असताना फडातच वारला, तरी त्याची चप्पल अजून दारात आहे. तिच्याशेजारीच मी माझी काढली.

मावशी मन लावून ऐकत होती. येशूवर विश्वास ठेवला की तारण, मरणानंतरही जीवन. मग तिनं विचारलं, "आन् आमचे मालक? त्यांला तर कुनी सांगितलंच न्हाई."

देवाला ठाऊक, इतकं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मी, घरातली पहिली पदवीधर, शिकवलेलं सगळं नीट सांगितलं. विश्वास न ठेवता गेलेल्याला तारण नाही. वर हसलेही, मायेनं.

ती म्हणाली, "पोरी, फडावर नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटीला मुकादम उभं करत न्हाई. तुझ्या देवाच्या दारात मी एकटी काहून जाऊ?"

मी खरं तेच सांगितलं ना?

ती चहासाठी पाणी आणायला बाहेर गेली. चहा दिला, गोड दिला. निघताना पाहिलं, तर त्याची चप्पल जागेवरच होती. माझी तिच्यापासून लांब, उकिरड्याच्या कडेला सरकवलेली.