चौथ्या दिवशीचं न्हाणं

माय, आज दवाखान्यात डाक्टरीणबाईंनी माझं पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, पिशवीत गाठ आहे, सीताफळाएवढी. मला काहीच वाटलं नाही. खिडकीबाहेर एक टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, मी तेच बघत राहिले. इथं हैदराबादेत बायकांच्या दवाखान्याला पडदा असतो. पडद्याआड बाकड्यावर कुणाचं अंग बाहेर येतं, कुणाला पांढरं जातं, कुणाची पाळीच गायब, आणि सगळ्या एकमेकींना मोठ्यानं सांगतात, हसतात पण. आपल्या दिंद्रुडात हे शब्द मी कधी मोठ्यानं ऐकले नव्हते. "डरो नक्को, बहोत औरतां कू रैता," डाक्टरीणबाई म्हणाल्या आणि सांगत गेल्या. अशी गाठ बहुतेक वेळा वाईट जातीची नसते, त्रास नसला तर नुसतं लक्ष ठेवतात. पण माझं रक्त लई जातंय, म्हणून आधी लोहाचं औषध आणि रक्त कमी करायचे थेंब. त्यानं भागलं नाही तर पोट उघडून गाठ तेवढी काढायची, पिशवी ठेवायची. मूलबाळ नकोच असलं तर पिशवीसकट. "सोचके बोलो." एवढे रस्ते पुढ्यात. उद्या येऊन सांगते, म्हणाले. मग त्यांनी टाक शाईत बुडवला. "तुमारी अम्मा कू बी ऐसाच था क्या?" मी म्हणाले, "नै." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

'नै' का म्हणाले, ते सांगायला बसलेय. तू सोप्यातल्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली आहेस. मी दहा वर्षांची. तीन दिवस कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन चुलीपाशी यायचं, सगळ्याच बायांचं तसं होतं. फक्त तुझं चौथ्या दिवशी थांबायचं नाही. दहाव्या दिवशीही नाही. आधी तू खरं सांगायचीस आणि बसून राहायचीस. आत्या भाकरी थापता थापता बोलते, "म्हैन्यातले निम्मे दिस कोपऱ्यात! राणीसायबाला बसून खायला पायजे. दादा, दुसरी बघू का?" बाप हसला. तू पण हसलीस. पुढच्या महिन्यात तू चौथ्या दिवशी न्हालीस आणि थेट चुलीपुढं बसलीस. खरं काय ते मला माहीत होतं, कारण चिंध्या धुवायला तू मला ओढ्यावर नेलंस आणि कडब्याच्या गंजीमागं वाळत घालायला लावल्यास. "आत्यानं इचारलं तर थांबलं म्हन," म्हणालीस. एवढंच. आत्यानं विचारलंच. "काय ग, न्हाली का तुजी माय?" न्हाली. "थांबलं?" थांबलं.

शेजारच्या बाळंतपणाला सुईण आली, तिला तू परसात गाठलंस. तिनं जास्वंदीच्या कळ्या तांदळाच्या धुवणात वाटून घ्यायला सांगितल्या. दोन महिने घेतल्यास, फरक नाही. पुढच्या वेळी तिनं पोट चाचपलं. "बाई, गोळा हाय. हे माज्या हातचं न्हाई. अंबाजोगाईला गोरी डाक्टरीण बसती, बायकांचंच बघती, तिच्याकडं जा."

"कशी जाऊ?" तू म्हणालीस. "किती दिसापसून जातंय इचारलं तर काय सांगू? दीड वरीस ह्याच हातानं देवाचा निवद केलाय म्या."

सुईण खदखदून हसली. "देवाचं पोट कुटं बिघडलं ग त्यानं?"

तू हसली नाहीस. दुखणं सांगितलं असतं तर खोटंही उघडं पडलं असतं, आणि आत्याला दुसरी बघायला निमित्तच मिळालं असतं. म्हणून तू गेली नाहीस. त्या दिवशी मला हे सगळं नीट कळलं होतं. अकरा वर्षांच्या पोरीला कळतं.

पुढं तुझे ओठ राखेच्या रंगाचे झाले. भिंतीची माती खरवडून खायचीस, मी बघायचे. पाणी आणताना वाटेत बसायचीस, एकदा बसलीस ती उठलीच नाहीस. बापानं गाडी जुंपली, पण अंबाजोगाई दिसायच्या आधीच तुझ्या नाकापुढं बोटं धरून बघितली आणि गाडीवानाला म्हणाला, "फिरव माघारी." आत्या आल्यागेल्याला सांगत होती, ताप आलता. मी पण तेच सांगितलं. शाळेत, मग कॉलेजात. गोष्टी लिहायला लागले, तेव्हा गोष्टींतल्या आयांना मी नाना तऱ्हांनी मारलं, विहिरीत, पटकीत, एकीला तर वाक्याच्या मधोमध, पूर्णविराम न देता. संपादक म्हणाले, नवीन आहे. रक्त जाऊन मेलेली एकही नाही.

उद्या सांगायचंय काय ठरलं ते. गाठ काढा, पिशवी राहू द्या, असं म्हणेन बहुतेक. तुझं खरं सांगेन का, माहीत नाही. निजाम सरकारचं तिकीट लावून हे पत्र टाकायचं तरी कुठं, आणि तुला वाचता येत नव्हतं. इथंच वहीत राहील.

एक राहिलं. खोटं बोलायला तू मला एकदाच सांगितलं होतंस. पुढचे सगळे महिने मी आपणहून बोलले. शेवटी शेवटी आत्यानं मला जवळ ओढून हळू विचारलं होतं, "खरं सांग पोरी, मायला दवाखान्यात न्यायचं का? म्या सांगते दादाला. म्या न्हाई बोलायची तिला कायबी." टोमणा नव्हता तो, तिचे डोळे भरलेले होते. मी म्हणाले, थांबलंय. तुझं गुपित राखायला नव्हतं ते, माय. तू बाजूला बसलीस की दळण माझ्यावर यायचं, आणि माझे हात दुखायचे.