अक्कांची वरची कवळी

३ फेब्रु., सोम.
दिवाळीपासून उद्या लिहू, उद्या लिहू चाललंय. मधल्या काळात गोकर्णला समुद्रकिनारी राहून झालं, मग बंगळूर : पीण्याच्या कारखान्यातलं लेथवरचं काम झालं (सोडलं), आता राजाजीनगर. मनोहरअण्णांची डेंटल लॅब. अण्णा मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथले. प्रत्येक गोष्टीला ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘बरं’.
आज पहिल्यांदा वरची अख्खी कवळी माझ्या हातात दिली. आणि कोणाची, तर माझ्या घरमालकीणबाईंची, शांताक्कांची. जुनी बोलता बोलता सुटते, म्हणून सदा तोंडावर पदर. रविवारी भाचीच्या मुलीचा साखरपुडा. ‘बसली तर जाईन. नाहीतर डोकं दुखतंय म्हणून सांगते.’
अण्णा : ‘बसली तर यापुढे वरच्या सगळ्या तुझ्या.’

५ फेब्रु.
अक्कांच्या टाळूचा प्लास्टरचा साचा समोर. पुढे मधोमध इवलासा उंचवटा. दात गेले, हा तिथेच. यावरून समोरच्या दातांची जागा कळते. जुन्या कवळीत दात पार मागे, हिरडीवरच बसवलेले, म्हणून ओठ आत गेलेला. मी उंचवट्यापासून सेंटिमीटरभर पुढे घेतले. सुळे कुठे, ते ओठांच्या कोपऱ्यांवरून.
टाळूच्या वळ्या अगदी ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. बघत बसलो.
‘झाला का समुद्र बघून?’ अण्णा.

७ फेब्रु.
माती खाल्ली. कवळीच्या मागच्या कडेला एक उंच रेघ राहिली होती. वाटलं, ओतताना राहिलेली खोट. घासून गुळगुळीत केली, वर पॉलिश. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी बसवली, अक्कांनी ‘आ’ केलं, कवळी थेट मांडीवर.
अण्णांनी कडेवरून नख फिरवलं. ‘इथली रेघ?’
‘घासली.’
‘तीच तर धरून ठेवते रे. आ म्हटलं की टाळू जिथून हलतो, तिथे ती रुतायला पाहिजे. हवा शिरली की सुटली.’
अक्का पदराआडून : ‘आरशासारखी चमकवलीस मगा (म्हणजे लेकरा). आता स्वल्प चिकटव पण.’

८ फेब्रु.
मॅडमनी पुन्हा ‘आ’ करायला लावलं, टाळूवर पेन्सिलीने रेघ काढली. मी वाकून बघितलं. मधोमध दोन बारीक छिद्रं, रेघ त्यांच्याजवळून दोन्हीकडे शेवटच्या दाढेच्या उंचवट्यामागच्या खाचेपर्यंत. साच्यावर त्याच रेषेत बारीक चर कोरला, मागची कड नव्याने ओतली. पॉलिशचं चाक तिकडे फिरकूसुद्धा दिलं नाही.
बसली. अक्का आ म्हणाल्या, खोकल्या, हसल्या. मॅडमनी ओढली तर हलेना, मग ‘चक्’ करून सुटली. तो आवाज मी केलेला. अक्का आरशात बराच वेळ. ‘ओठ परत आला.’
अण्णा फक्त ‘सरी’. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.
सांगलीला घरी फोन लावला. पप्पा : ‘लोकांचे दात बसवतोस? आधी तू बस एका जागी.’ फोन आईकडे. आई हळूच : पप्पा हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात, कवळीचं नाव काढलं की उठून जातात.

९ फेब्रु., रवि.
अक्का साखरपुड्याला गेल्या. बेळ्ळंदूरला, म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस. पदर खांद्यावर, तोंड उघडं. शेजारणीशी फाटकापासून गप्पा. मी बजावलं, चकली समोरच्या दातांनी तोडायची नाही. ‘गप रे.’
तिकडे काय होतंय कोण जाणे. कशातच लक्ष नाही.

खाली रिक्षा थांबली. इतक्या लवकर? सुटली वाटतं. खिडकीशी गेलो.
अक्का नाहीत. पप्पा. सांगलीहून, न कळवता, एकटे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल धरलेला.