गोधडीला घास

२२ ऑक्टोबर, मंगळवार

एकवीस झाल्या! महिला मंडळात बाया सोळा, अन् गोधड्या एकवीस! आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणले, "आसराबाई, तुम्ही तर कारखानाच काढला." मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

सगळ्या ब्रह्मदेशातून पळून आलेल्या माणसांसाठी. तिकडं लढाई चालूय. घरं जाळली, मंग लेकरंबाळं घेऊन डोंगर ओलांडून मिझोरामात आले. मिझोराम आपल्या भारतातच हाय — मला वाटलं दुसरा मुलूख! नातीनं, अर्पितानं, मोबाईलवर दाखवलं. तिथली चर्चवाली मंडळी त्यांना सांभाळून राह्यली. पाळकसाहेबांची जुनी ओळख, माणसं भरवशाची. गेल्या साली आपण ब्लँकेटं धाडली तर कोणाला दिली त्यांची नावं लिहून आल्ती.

अन् शेवटी रिवाज पाळला. आई सांगायची, गोधडी उपाशी ठेवू न्हाई. शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा घास ठेवायचा, म्हंजी पांघरणारा उपाशी झोपत न्हाई. घरून बाजरीच्या दोन भाकरी नेल्या, गूळ लावला, एकेका गोधडीला एकेक तुकडा वाटला. चांगुणाबाई म्हणती, "गूळ लई झाला गं, पहिलं मुंग्याच पांघरतील!" तिचं तोंड म्हंजी विळा. चाळीस वर्षांची शेजारीण — सवय झाली.

३ नोव्हेंबर, रविवार

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मिझोरामचं पत्र वाचलं. कपडा धुतलेला पाहिजे. बराबर! उन्हात वाळलेला पाहिजे. बराबर! मंग म्हणले — खायची वस्तू गठ्ठ्यात बिलकुल नको, दाणासुद्धा नको. मागं कुठल्यातरी गठ्ठ्यात चिवड्याची पुडी राह्यली. उंदीर शिरले. सगळी पांघरुणं जाळावी लागली.

एकवीस घास! अन् गठ्ठे ११ तारखेला नवीन जालन्याच्या स्टेशनावरून निघणार.

४ नोव्हेंबर

दूध उतू गेलं. भाजीत मीठ दोनदा. सून म्हणती, "आत्याबाई, ध्यान कुठंय?" ध्यान गठ्ठ्यात!

५ नोव्हेंबर

घास केवढा? बोटाच्या पेराएवढा. वाळून खडा झाला असंल. आईचा रिवाज हाय, देव बघून घेईल. — मंग वाटतं, उंदीर पण देवानंच केले!

तिकडं डोंगरात थंडीनं लेकरं कुडकुडत असतील, अन् माझ्या गुळापायी गठ्ठा जाळला तर? घरात या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरून राह्यले. अर्पिताला सांगितलं. "आजी, सांगून टाक ना, त्यात काय!" त्यात काय म्हणं! सोळा बायांनी बोटं टोचून घेतली, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू की उसवा?

७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. मंडळात उभी राहून. पाळकसाहेब म्हणले, "कातऱ्या किती हाईत?" बाया हसल्या. माझ्या जिवात जीव आला!

बिघडली ती चांगुणाबाईच. "माझी उसवायची न्हाई." म्हणलं, बाई, तुझ्यात पण घास हाय, मीच दिल्ता. "असू दे!" गोधडी मांडीखाली घालून बसली. कोणाचं ऐकंना. घरी घेऊन गेली. त्यात तिचं लग्नातलं लुगडं हाय. जीव अडकला असंल, असं वाटलं मला. पण तिच्या एकीपायी बाकीच्या वीस पण जळतील ना!

८ नोव्हेंबर

वीस उसवल्या, वीस शिवल्या. घास चिमण्यांना टाकले. तिची अजून बाकी. दोनदा दारात जाऊन आले. कडी घातलेली.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज दार उघडं होतं. ती पाणी आणायला आत वळली, तवा मी जल्दी कातरी काढून कोपरा उसवला. आत काहीच न्हाई! दुसरा कोपरा चाचपला. काही न्हाई.

ती तांब्या घेऊन उभी. "तू दिल्ता तो मी खाल्ला गं आसरे. दोन दिवस चूल पेटली नव्हती."

पुण्याचा लेक कल्याण सगळं धाडतो, असं ती सांगायची. आम्ही ऐकायचो. मधी भिंत एक.

आता माझ्याकडं जेवून राह्यली. दुसरी भाकर संपत आली. लिहिणं पुरे — वाढायचंय.