सिफरावर काटा

मामंजी,

रेझिस्टन्सला मराठीत रोध म्हणतात, हे मला आज दुपारी एका पुस्तकात कळलं. तुम्हाला हा शब्द माहीत होता का, कोण जाणे. तुम्ही त्याला मुजाहमत म्हणायचात. जुन्या हैदराबाद संस्थानात तुमचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, विजेचं शास्त्रसुद्धा. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि मीटर हातात घेतलं की उर्दू, असे तुम्ही.

तुमचा मुलगा गेल्यावर वर्षभरानं तुम्ही मला शिकवायला घेतलंत. विद्यानगरच्या त्या दोन खोल्यांत, ओट्यावरची चहाची भांडी बाजूला सारून. मी सातवी शिकलेली. तुम्ही मल्टिमीटर पुढं ठेवता, वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायला सांगता. काटा सरकतो, पण शून्याच्या थोडा अलीकडंच थांबतो. "आता बटन फिरव माय, सिफरावर आण. काही मोजायच्या आधी सिफर. काल केलं होतं म्हणून आज चालत नाही." कुकरची शिट्टी होते, मी उठायला लागते. तुम्ही म्हणता, "बस. वरण कुठं पळून जात नाही."

तेव्हा बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या. दिलसुखनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. मीटर जोडणाऱ्या एका नव्या कारखान्यात बायका घेणार, ही बातमी तुम्हीच आणलीत. तुमच्या पेन्शनीत तुमचं, माझं आणि मुलीचं भागत नव्हतं, मला ती नोकरी हवीच होती. तिथल्या साहेबानं एक बारकासा भाग हातात दिला. "इसमें क्या नापते, अम्मा?" मी मोजून दाखवलं आणि म्हटलं, "मुजाहमत." तो हसला. "मुशायरा नहीं है अम्मा, फॅक्टरी है." मागं बसलेल्या मुलीही हसल्या. मग जरा नरमाईनं म्हणाला, "हाथ अच्छा है आपका. नामां अंग्रेजी में सीख के अगले हफ्ते आओ."

घरी आले तर तुम्ही दारातच उभे होतात. "आधी सिफर केलंस ना?"

"तुमच्या शब्दांनी हसं झालं माझं," मी म्हणाले. "कुणी बोलत नाही आता तसं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवून टोपी घातलीत आणि बस पकडून अफझलगंजच्या लायब्ररीत गेलात. मग रोजच. संध्याकाळी येऊन मला इंग्रजी नावं सांगायचात. तुमच्या तोंडी 'रजिस्टन्स' यायचं, आणि मी तुम्हाला सुधारायची. "रजिस्टन्स नाही मामंजी, रेझिस्टन्स. पुन्हा म्हणा." सत्तरीला टेकलेला माणूस ओट्यापाशी उभा राहून पुन्हा म्हणायचा. एकदा तुमच्या तोंडून सिफर निघालं तर तुम्हीच जीभ चावलीत. "झीरो, झीरो." मला त्या वेळी बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

नोकरी लागली. मुलगी शिकली, पुण्याला गेली. तुम्ही ते शब्द पुन्हा काढले नाहीत, शेवटच्या आजारातसुद्धा. आता घरात तरी म्हणा मामंजी, इतकंच मला म्हणायचं होतं. ते मी कधी म्हटलं नाही. पुढं कारखान्यात बिनकाट्याची, आकडे दाखवणारी मीटरं आली. त्यांना सिफरावर आणायचं बटनच नव्हतं, तरी माझा अंगठा ते शोधायचा. मुली म्हणायच्या, "इसमें नक्को, आंटी." मी हात मागं घ्यायची. कुणी शिकवलं, ते सांगायची नाही.

कपॅसिटरला पुस्तकात धारित्र दिलं आहे. त्यालाही तुमचा एक शब्द होता. दुपारपासून आठवून बघतेय. मुजाहमत राहिलं, सिफर राहिलं, तो मात्र गेला. आता विचारायचं कुणाला? हे पत्र कुठं पोचायचं नाही. म्हणून संध्याकाळी लेकीला फोन केला, लहानपणी ओट्याशी बसून ती सगळं ऐकायची. ती म्हणाली, "आजोबांचा शब्द? आजोबा तर कपॅसिटरच म्हणायचे. त्यांना कुठं दुसरं काही येत होतं?"

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.