झडतीची चौथी ओळ

नालवाडी, वर्धा
तान्हा पोळा, १९७५

ती. अण्णाजी यांस जावई मधुकरचा साष्टांग नमस्कार.

अमरावतीला धाकट्या लेकीकडे आपल्या गुडघेदुखीला उतार पडला असावा. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले.

काल आपल्या हिंगणीच्या पोळ्याला आपण नव्हता, हे आपले भाग्य. तोरणाखाली बैल उभे राहिले, की झडतीच्या चार यमकी ओळी ललकारून कोणीही कोणाचीही फजिती करावी आणि ज्याची झाली त्याने हसावे, ही आपली रीत. तिचे कौतुक मीच परवा तिथल्या वाचनालयात केले होते. विषाचा प्याला घेणाऱ्या सॉक्रेटिसापासून, असत्यालाही बोलू द्या म्हणजे सत्य गंजत नाही म्हणणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञापर्यंत सगळे सांगितले. (आणीबाणीचा उल्लेख टाळला. तो संयम की भय, यावर रोजनिशीची पाने खर्च झाली, निकाल नाही.)

भाषण संपताच सरपंच पुंडलिकराव म्हणाले, "मास्तर, दिवस खराब आहेत. औंदा झडत्या आधी तुमीच तपासून द्या. तुमाले तं सारं मालूम आहे." मी हो म्हटले. (नाही म्हणालो असतो तर एखादा भित्रा नेमला असता, असा माझा युक्तिवाद. भित्राच नेमला गेला.)

आपले धाकटे बंधू रूपराव झडती घेऊन आले : गावाची विहीर सरपंचांच्या मळ्यात कशी गेली. मी 'सरपंच' काढून 'एक गृहस्थ' घातले. मग विचार करून 'विहीर'ही काढली. रूपराव म्हणाले, "जवाईबुवा, तुमचा म्हातारा जहर पेला, अन् तुमी मले पानीबी पिऊ देऊन नाई राह्यले?"

काल तोरणाखाली त्यांनी न तपासलेली दुसरीच सोडली :

बैल रे बैल, शिंगाले शेंदूर,
जवाई आमचा इद्येचा समुंदर,
परदेशी म्हाताऱ्यासाठी रडे धाय धाय,

आणि चौथी ओळ हशात बुडाली. सर्वांत मोठ्याने पुंडलिकराव हसले. मी हसलो नाही. म्हणजे रीत मीच मोडली. गंभीर असे दोघेच होतो, मी आणि बैल. एवढ्या शतकांचे विचार वाचून माणूस तोरणापर्यंतही पोचत नसेल तर वाचावे कशाला, अण्णाजी?

आपल्या विमलला ती ओळ विचारली, तर म्हणते, "तुमी तपासून देल्याबिगर मी काई बोलत नाई."

आपला,
मधुकर

ता. क. रूपराव फक्त आपल्याला भितात. ही झडती पुन्हा कुठे म्हणू नये, असे त्यांना खरमरीत लिहावे. स्वातंत्र्याला मर्यादा असते, असेही इतिहासात पुष्कळांनी म्हटले आहे.

पुन्हा ता. क. त्याआधी चौथी ओळ तेवढी विचारून कळवावी. कालपासून मीच ती जुळवून पाहतो आहे. एकेक ओळ रूपरावांना सुचणार नाही इतकी कडू होते, आणि एकही कापावीशी वाटत नाही.